वाऱ्याच्या तोंडावर चाललेली गाडी

वाऱ्यावर चालणाऱ्या गाड्या मी आजवर तीन बनवल्या. पहिली चाललीच नाही. दुसरी गेली, पण आपल्या पायांनी परत आली नाही. तिसरी चालणारी होती, आणि तीच मी चालू दिली नाही. पहिल्या दोन गाड्यांच्या गोष्टी सांगून मी लग्नाच्या मांडवात लोकांना पोटभर हसवलं आहे. तिसरीची गोष्ट तशी सांगता येत नाही. ती लिहूनच काढावी असं बरेच दिवस मनात होतं.

माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीबाहेर, दौंडकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. फॅब्रिकेशन म्हणजे लोखंड कापायचं, वाकवायचं आणि जोडायचं. कारखान्यांचे जिने, कठडे, टाक्यांचे स्टँड, शेतकऱ्यांच्या ट्रॉल्या, फाटकं, हे आमचं रोजचं काम. मी मूळचा शिरूर तालुक्यातल्या इनामगावचा. शिकलेली माणसं आमच्या गावात उत्खननातली जुनी खापरं बघायला लांबून येत, आणि आम्ही गावची पोरं मात्र गाव सोडून कामाला बाहेर पडत होतो. मी बाहेर पडलो तो वेल्डिंग शिकून.

वाऱ्याशी माझा संबंध आला तो शिरूरकडच्या एका मळ्यातल्या पवनचक्कीमुळे. विहिरीचं पाणी उपसणारी ती चक्की दोन वर्षं बंद पडून होती. वर चढून मी तिचं एक बेअरिंग बदललं, थोडं ग्रीस भरलं आणि ती फिरू लागली. एवढंच काम, पण 'वाऱ्याचा मिस्त्री' म्हणून माझं नाव झालं ते कायमचं. नव्वदच्या दशकात पेट्रोल महाग होत चाललं तशी डोक्यात वारा शिरलेली माणसं माझा पत्ता विचारत येऊ लागली.

पहिले आले ते कासुर्डीचे एक निवृत्त शिक्षक. त्यांच्याकडे आलेखाच्या कागदाची वही होती आणि त्यात सुंदर आकृत्या होत्या. त्यांचं म्हणणं असं : गाडीच्या पुढे पंखा बसवायचा. गाडी पळाली की वारा लागणार, पंखा फिरणार, पंख्यावर डायनॅमो, डायनॅमोची वीज बॅटरीत, बॅटरीवर मोटर आणि मोटरवर गाडी. जेवढी गाडी पळेल तेवढी वीज जास्त, जेवढी वीज जास्त तेवढी गाडी जास्त पळेल. मी विचारलं, "गुरुजी, मग ही थांबणार कशी?" ते गंभीरपणे म्हणाले, "ब्रेकचं नंतर बघू."

त्यांच्या जुन्या मोपेडवर आम्ही ते सगळं बसवलं. मोटरवर तर ती पळालीच नाही, पण पेट्रोलवर चालवली तरी मोपेड पूर्वीपेक्षा जास्त पेट्रोल पिऊ लागली. हे का झालं ते मला त्या दिवशी कळलं. तो वारा मुळात नव्हताच. मोपेड पळते म्हणून हवा आडवी येते. तिच्यातून जेवढं घ्याल त्याहून जास्त इंजिनाला द्यावं लागतं. गुरुजींना पटलं नाही. पंखा लहान पडला असं त्यांचं मत शेवटपर्यंत राहिलं.

दुसरे शिरूरचे एक ताडपत्रीवाले. त्यांची कल्पना सरळ होती : तीन चाकं, मधे एक डोलकाठी आणि तिला ताडपत्रीचं शीड. ही गाडी मात्र चालली, आणि काय चालली! पाझर तलाव आटला होता. त्याच्या सपाट तळावर आम्ही ती सोडली आणि ती ताडपत्रीवाल्यांना घेऊन सुसाट निघाली. शीड उतरवायची दोरी गाठीत अडकली होती. शेवटी गाडी पलीकडच्या काठावरच्या वेड्या बाभळीत शिरली तेव्हा थांबली. ते काटे काढत बाहेर आले ते खूश होऊन. मग त्यांच्या लक्षात आलं की घर वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला आहे. गाडी टेम्पोत घालून आणावी लागली.

या दोन अनुभवांवरून मी एक मत बनवून टाकलं : वाऱ्यावरची गाडी वाऱ्याबरोबरच जाणार, वाऱ्याच्या तोंडावर ती जाऊच शकत नाही. हे मत मी इतक्यांना ऐकवलं होतं की ते मला माझ्या हत्यारांसारखंच माझं वाटू लागलं होतं.

अशा वेळी भागाजी साळवे माझ्याकडे आले. दौंडला रेल्वेत ते ट्रॉलीमन होते, नुकतेच निवृत्त झालेले. त्यांना सगळे आप्पा म्हणत. ट्रॉलीमन म्हणजे काय ते सांगायला हवं. रुळांची तपासणी करायला इंजिनिअर साहेब एका चार चाकांच्या उघड्या ट्रॉलीवर बसून जात. तिला इंजिन नसतं. चार माणसं ती ढकलतात. दोघं रुळांवरून पळत ढकलतात, दोघं दम घेतात, मग पाळी बदलते. आप्पांनी तीस वर्षं हे काम केलं. दौंडहून पुण्याच्या दिशेला ट्रॉली घेऊन निघालं की आषाढात पश्चिमेचा वारा समोरून छातीवर येई. त्यात साहेबांच्या डोक्यावर मोठी छत्री.

"वारा म्हंजी पाचवा मानूस," आप्पा मला म्हणाले, "पर त्यो उलटा ढकलनारा."

एकदा जत्रेतून आणलेलं कागदी भिरभिरं त्यांनी गंमत म्हणून ट्रॉलीच्या दांडीला बांधलं. समोरच्या वाऱ्यात ते भिंगरीसारखं फिरू लागलं. ट्रॉली ढकलता ढकलता आप्पा दिवसभर त्याच्याकडे बघत होते. जो वारा मला मागं रेटतो, तोच याला फिरवतो. मग हे फिरणं चाकाला का देऊ नये?

मी माझं ठरलेलं मत त्यांना ऐकवलं. ते वाद घालत बसले नाहीत. पिशवीतून त्यांनी एक खेळणं काढलं. तारेचा सांगाडा, औषधाच्या डब्यांच्या झाकणांची चाकं, पत्र्याची सहा पाती आणि मधे मोडक्या घड्याळाचे दातेरी गिअर. माझ्या टेबलावरचा पंखा त्यांनी जमिनीवर ठेवला, सुरू केला आणि खेळणं त्याच्यासमोर हातभर अंतरावर ठेवून हात काढून घेतला. पाती गरगर फिरू लागली आणि ते खेळणं मुंगीच्या चालीनं पंख्याकडे निघालं. पंख्यापासून दूर नव्हे, पंख्याकडे! जाळीला टेकलं तेव्हाच थांबलं.

मी ते उचलून उलटंपालटं केलं. कुठे सेल नव्हता, रबर नव्हतं.

"ट्रकचा जॅक कसा चालतो, मिस्त्री?" आप्पांनी विचारलं. "दांडा लई फिरवायचा, आन् ट्रक बोटभर उचलतो. ह्ये तसंच हाय. पातं लई फिरतं, चाक उलीसं फिरतं. पर जे फिरतं ते जोरात फिरतं. वारा रेटतो त्याच्यापरीस जोरात."

तीस वर्षं लोखंडात काढून मला जे दिसलं नाही ते या माणसाला रुळांवर पळता पळता दिसलं होतं. गुरुजींच्या मोपेडला वारा गाडीनंच तयार करून द्यावा लागत होता. इथे वारा खरा होता, जमीन स्थिर होती आणि त्या दोघांमधल्या फरकातून गाडी आपलं काम काढून घेत होती. मी काम घेतलं.

गाडी उभी राहायला तीन महिने लागले. पाइपाची चौकट, मागे दोन आणि पुढे एक अशी सायकलची चाकं, वर साडेचार फुटांची सहा पाती. ती आम्ही आठ इंची पाइपलाइनचा पीव्हीसी पाइप उभा चिरून काढली. पात्यांचं फिरणं काटकोनात वळवून खाली आणायला चारा कापायच्या मोडीतल्या कडबाकुट्टीची गिअरची जोडी वापरली. तिथून मागच्या चाकाला सायकलची चेन. चेन ज्या दातेरी चकत्यांवर बसते त्या दोन होत्या : एक अठरा दात्यांची, एक अठ्ठेचाळीस दात्यांची. आप्पांच्या हिशेबाप्रमाणे लहान चकती वर पंख्याच्या बाजूला आणि मोठी खाली चाकाला, म्हणजे पंखा खूप फिरेल आणि चाक थोडं. माझा वेल्डर रामाशीष, गोरखपूरकडचा, अबोल आणि हाताचा पक्का माणूस. त्यानं त्या तशा बसवल्या.

आप्पांनी आपल्या वस्तीत, रेल्वेच्या जुन्या सोबत्यांत, विहारात सगळीकडे सांगून ठेवलं होतं की गाडी वाऱ्याच्या तोंडावर जाणार. आयुष्यभर दुसऱ्याला बसवून ढकलत आलेल्या माणसानं पहिल्यांदाच चारचौघांत असा शब्द दिला होता. मीही कारखान्यांतल्या ओळखीच्यांना, सुपरवायझरांना बोलावलं. चौकटीवर माझ्या वर्कशॉपचं नाव लाल रंगात रंगवून घेतलं.

आणि इथेच माझं बिनसलं. आमच्या धंद्यात वस्तू दारातून बाहेर पडली की तिच्याबरोबर आमचं नाव जातं. चाचणीच्या आदल्या दिवशी मी गाडी नजरेनं तपासत होतो आणि मला दिसू लागलं की एवढा मोठा पंखा गरगर फिरतोय, लोक जमलेत आणि माझ्या नावाची गाडी गोगलगायीसारखी सरपटतेय. लोक हसतील. मला सायकल आठवली. सायकलच्या पायडलला मोठी चकती असते आणि मागच्या चाकाला लहान, म्हणून ती पळते. आप्पांनी उलटं सांगितलंय. आप्पा रेल्वेतले, त्यांना चेन काय कळते! मी रामाशीषला चकत्यांची अदलाबदल करायला सांगितलं. मोठी वर, लहान खाली.

तो म्हणाला, "चाचा से पूछ लें?"

मी म्हणालो, "मालक कोण आहे इथे?"

आप्पांना मी काही सांगितलं नाही. गाडी झोकात निघाली की सांगू, खूश होतील, असं मनाला समजावलं.

वसाहतीत एक पूर्व-पश्चिम रस्ता आहे, तेव्हा दोन्ही बाजूंचे प्लॉट रिकामे होते. आषाढातला सुट्टीचा दिवस, बॉयलरच्या चिमणीचा धूर पूर्वेला आडवा पडलेला. शे-दीडशे माणसं जमली. आप्पा पांढरा सदरा घालून गाडीवर बसले, पश्चिमेकडे तोंड करून. ब्रेक सोडला.

गाडी थरथरली. पाती हलली, पण उलटी. आणि गाडी हळूहळू माघारी जाऊ लागली. वाऱ्यानं तिला रेटलं होतं आणि चाकंच पंख्याला उलटा फिरवत होती. आप्पा ब्रेक दाबायचं विसरून समोर बघत बसले होते. गाडी लोकांच्या मधून मागे गेली आणि नालीच्या कठड्याला टेकली.

कोपऱ्यावरचा चहावाला सर्जेराव ओरडला, "आप्पा, इंजिन उलटं जोडलं का काय?" हशा पिकला. कुणीतरी माझ्याकडे वळून विचारलं, मिस्त्री, काय झालं?

काय झालं ते मला चटकन कळलं असं म्हणणार नाही, पण चकत्या डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या होत्या. तरी मी म्हणालो, "मी आप्पांना आधीच सांगितलं होतं. वाऱ्याच्या तोंडावर गाडी जात नसते."

सगळ्यांनी माना डोलावल्या. आप्पा खाली उतरले, गाडीभोवती एक फेरी मारली आणि बस थांब्याकडे चालू लागले.

दोन दिवसांनी जेवणाच्या सुट्टीत रामाशीषनं मला न विचारता चकत्या पुन्हा जागच्या जागी बसवल्या आणि गाडी अंगणात वाऱ्यापुढे धरली. मी दारात उभा होतो. गाडी सरळ वाऱ्याच्या तोंडावर चालत गेली आणि गॅसच्या सिलिंडरांच्या जाळीला जाऊन टेकली. रामाशीष हात पुसत म्हणाला, "मिस्त्री, गाड़ी बूढ़े की थी, चेन आपकी थी."

मी त्याला गाडीवर ताडपत्री टाकायला सांगितलं.

त्या वेळी दौंडला जाऊन सांगितलं असतं तर अर्ध्या तासाचं काम होतं. मी गेलो नाही. उद्या जाऊ, आठवड्यानं जाऊ, असं करत दिवस गेले. आणि जसे गेले तसं जाणं अवघड होत गेलं. लोक माझा शब्द धरून बसले होते. त्यावर एकानंही शंका घेतली नव्हती. मी वर्कशॉपचा मालक, गावाकडे जमीनजुमला असलेल्या घरातला. आप्पा वस्तीतले, ट्रॉली ढकलणारे. आम्हा दोघांत चूक कुणाची, हे लोकांनी गाडी न तपासताच ठरवलं होतं. मला ते कळत होतं आणि ते मला सोयीचं होतं.

सर्जेरावनं त्या गाडीला 'माघारी एक्स्प्रेस' नाव दिलं. आप्पा काही कामानं कुरकुंभला आले की तो टपरीवरून हाक मारायचा, "आप्पा, एक्स्प्रेस कवा सुटती?" पुढे आप्पा त्या चौकातून येईनासे झाले.

दिवाळीनंतर मात्र ते वर्कशॉपवर आले. वाळले होते. हातात वही होती. म्हणाले, "मिस्त्री, लई दिवस हिशेब करतोय. माझी चूक कुठं झाली ती दावा. बारकी गाडी जाती, मोठी का जात न्हाई? मला ह्ये कळल्याबिगर चैन पडंना."

या माणसानं माझ्यावर संशयसुद्धा घेतला नव्हता. तो स्वतःच्या डोळ्यांवर संशय घेत होता. हीच वेळ होती. मी तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून आलं, "पाती जड झाली असतील, आप्पा."

त्यांनी वही मिटली. मग "आसंल, आसंल," म्हणाले आणि गेले.

उन्हाळ्यात एका सकाळी ते रिक्षातून उतरले. बरोबर जुन्या लुगड्यात गुंडाळलेली लांबच लांब मोट. माझ्या टेबलावर त्यांनी ती सोडली. आत सहा पाती होती, पांगाऱ्याच्या लाकडाची. पांगारा हलका म्हणून त्यांनी तो मुद्दाम शोधून आणला होता. एकेक पातं हातानं तासलेलं, बुंध्याशी पिळदार आणि टोकाशी तळहाताएवढं अरुंद. चार महिने ते हेच करत होते. मी एक उचलून बघितलं, फुलासारखं हलकं. रामाशीष काम थांबवून माझ्याकडे बघत होता.

"आता जाईल न्हवं?" आप्पांनी विचारलं.

मी खाली बसलो आणि बसूनच सगळं सांगितलं. चकत्यांची अदलाबदल, चाचणीच्या दिवशी बोललेलं खोटं, अंगणात चाललेली गाडी, ताडपत्री आणि दिवाळीनंतरचं ते पात्यांचं. आप्पा ऐकत राहिले. मला वाटलं आता ते पातं उचलून माझ्या डोक्यात घालतील.

त्यांनी विचारलं, "मोठी चकती वर लावली व्हती?"

"हो."

"सायकलीवानी?"

"सायकलीसारखी."

"मंग माघारीच जानार की!" असं म्हणून ते हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "म्हंजी माझा हिशेब बरूबर व्हता. बरूबर व्हता!" त्यांनी रामाशीषचे दोन्ही खांदे धरून त्याला गदागदा हलवलं.

मग हसणं थांबलं आणि ते माझ्याकडे वळले. आवाज चढवला नाही. "मिस्त्री, चूक हातानं हुती, तिचं काय न्हाई. पर वरीसभर मी सोताला खुळा समजत व्हतो. माझ्या नातींसमोर मी गाडीचं नाव काढत न्हवतो. त्याचं काय करायचं?"

मी म्हणालो, तुम्ही सांगाल ते.

"जिथं बोललात तिथंच बोलायचं. त्याच लोकांम्होरं. गाडी सुटायच्या आधी. चालल्यावर कुनीबी बोलंल."

ही अट त्यांनी नेमकी घातली होती. मी मनात ठरवत होतो ते त्याच्या उलट : गाडी चालली की आनंदाच्या भरात सांगून टाकायचं.

पुन्हा आषाढ, पुन्हा तोच रस्ता. मी स्वतः जाऊन एकेकाला बोलावलं. मागच्यापेक्षा जास्त माणसं आली, कारण बहुतेकांना पुन्हा हसायचं होतं. आप्पांच्या वस्तीतून एक टेम्पो भरून आला. बाया, म्हातारी माणसं, त्यांच्या दोन्ही नाती. रेल्वेतले त्यांचे तीन जुने सोबती डोक्याला रुमाल बांधून आले होते. गाडीवर पांगाऱ्याची पाती होती, तेल पाजून पिवळीधमक. माझ्या वर्कशॉपचं नाव मी खरवडून काढलं होतं.

मी गाडीच्या पुढे उभा राहिलो. मला भाषण येत नाही. मी म्हणालो की मागच्या वर्षी गाडी माघारी गेली ती माझ्यामुळे. आप्पांनी सांगितलेल्या चकत्या मी त्यांना न विचारता बदलल्या आणि दोष त्यांच्यावर ढकलला. त्यांचा हिशेब पहिल्यापासून बरोबर होता.

मग सर्जेराव मोठ्यानं म्हणाला, "मिस्त्री, मन मोठं हाय तुमचं. म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हनून सोतावर घेताय. पर आमी काय येडं न्हाई." आणि लोक पुन्हा माना डोलावू लागले.

मी आप्पांना दोष दिला तेव्हा एका वाक्यात खरं मानणारे हेच लोक, मी स्वतःला दोष दिला तर त्याला मोठेपणा म्हणत होते. कबुली देऊनही मी चांगलाच ठरत होतो आणि आप्पा खुळेच. मी परत परत सांगू लागलो तसा आणखीच खोटा वाटू लागलो.

आप्पा गाडीवरूनच म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, मिस्त्री. बाजूला व्हा. मदी उभं ऱ्हायला तर गाडी तुमच्या अंगावर यील."

वारा पडला होता. चिमणीचा धूर सरळ वर चालला होता. दहा मिनिटं गेली. लोक चुळबुळ करू लागले, टपरीकडे वळू लागले. रामाशीष मूठभर माती हातातून सोडत वाऱ्याचा अंदाज घेत होता. रेल्वेतल्या एका सोबत्यानं पश्चिमेला बघून नुसतं "आला" असं म्हटलं, आणि लांबच्या माळावरचं गवत आडवं होत आमच्याकडे येताना दिसलं.

धूर वाकला. पाती हलली, यावेळी सुलटी. आप्पांनी ब्रेक सोडला. चेन ताणली गेल्याचा आवाज झाला. गाडी क्षणभर जागीच राहिली. मागेही नाही, पुढेही नाही. तेवढ्या क्षणात मी काय काय कबूल केलं ते देवालाच ठाऊक. मग पुढचं चाक टाचणीच्या डोक्याएवढ्या खड्यावर चढलं आणि उतरलं.

गाडी चालू लागली, वाऱ्याच्या तोंडावर. वारा इतका होता की बायांनी पदर दातांत धरले होते, टपरीवरचा पत्रा वाजत होता आणि त्या वाऱ्यात आप्पांची गाडी माणसाच्या चालीनं पश्चिमेकडे निघाली होती. वारा वाढला की तीही वेग घेत होती. सुरुवातीला कुणी ओरडलंसुद्धा नाही. लोक नुसते गाडीबरोबर चालू लागले, दोन्ही बाजूंनी, मान वर करून पात्यांकडे बघत. एक सुपरवायझर गाडीखाली वाकून वाकून मोटर शोधत होता. आप्पांची थोरली नात गाडीच्या पुढे उलटी चालत होती आणि टाळ्या वाजवत होती. वस्तीतल्या बायांनी "जय भीम"चा गजर केला तेव्हा सगळ्यांना कंठ फुटला. रेल्वेतले तीन म्हातारे गाडीच्या मागून चालत होते, पण तिला हात लावत नव्हते. त्यातला एक दुसऱ्याला म्हणत होता, "हात नगं लावू. लोकं म्हनतील ढकलली."

गाडी रस्त्याच्या टोकापर्यंत गेली, अर्ध्या किलोमीटरपेक्षा थोडं कमी. कंपाउंडच्या भिंतीजवळ आप्पांनी ब्रेक दाबला. सर्जेराव धापा टाकत पोचला. गाडीभोवती तो एक फेरी फिरला, खाली चकत्यांकडे बोट करून त्यानं विचारलं की मागच्या वेळी कोणती कुठे होती. आप्पांनी दाखवलं. सर्जेरावची एक सायकल होती, तिच्यावर तो रोज दूध आणायचा. चढाला चेन कशी जड होते ते त्याला कुणी शिकवायला नको होतं. मग डोक्यावरची टोपी काढून आप्पांना म्हणाला, "आप्पा, चुकलो. पर आता ही परत कशी न्यायची?"

"वारा कशाला हाय? चेन काढा, जाती ती आपली."

चेन मी काढली. रामाशीषनं पुढचं चाक धरलं आणि गाडी वाऱ्याबरोबर सहज मागे घरंगळू लागली. आप्पा पाठीमागे तोंड करून बसले होते, दोन्ही नाती त्यांच्या पुढ्यात आणि सगळी गर्दी त्यांच्याबरोबर. मी मागे राहिलो, ग्रीसनं भरलेली चेन हातात घेऊन.

चालता चालता एकेक जण माझ्यासाठी मागे थांबू लागला. आधी तो सुपरवायझर, मग एका कारखान्याचा वॉचमन, मग दौंडचा एक ओळखीचा दुकानदार. सगळ्यांचा प्रश्न एकच होता, आणि आता कुणी हसत नव्हतं : मिस्त्री, म्हणजे खरंच तुम्हीच बदलली होती? मी हो म्हणालो. वर्षभर माहीत असून गप्प राहिलात? हो. प्रत्येक जण नुसता बघून पुढे निघून गेला. रस्ता संपेपर्यंत मला अकरा जणांनी विचारलं आणि मी अकरा वेळा हो म्हणालो. शेवटची विचारणारी आप्पांची धाकटी नात होती. ती गाडीवरून उतरून मुद्दाम मागे पळत आली होती. तिच्यापुढे मी रस्त्यावर उकिडवा बसलो, म्हणजे तिला माझं तोंड नीट दिसेल, आणि म्हणालो, "हो बाळ, मीच. तुझे आजोबा बरोबर होते."